हरभरा सोंगला की मॅनिफोल्ड चढतो

फेब्रुवारी सरत आला की आमच्या वाशीमच्या कचेरीत कोणी ना कोणी हरभऱ्याचे डहाळे घेऊन येतं. मग दुपारी कामाच्या नावानं बोंब. जो तो घाटे सोलत बसतो, टरफलं पायानं टेबलाखाली सरकवतो आणि शिपायानं झाडू काढला की दुसऱ्याच्या टेबलाकडे बघतो. बोटांना आंबट वास राहतो. हरभऱ्याच्या पानांवरची ती आंब साबणानंही लवकर सुटत नाही. संध्याकाळी चहाचा कप तोंडाशी नेला की आधी शेताचा वास येतो, मग चहाचा.

याच दिवसांत ताईचा फोन येतो. संगीता, माझी थोरली बहीण, मानोऱ्याजवळच्या एका गावात दिलेली. फोनवर ती ख्यालीखुशाली विचारत बसत नाही. यंदाही विचारली नाही. "हरभरा सोंगला," म्हणाली. "तुह्या भाऊजीनं काल थे चढवलं. बांधाकडचा थोडा हिरवा ठेवला आहे, रविवारी ये, हुळा भाजू."

'थे' म्हणजे काय हे आमच्या घरात कोणाला सांगावं लागत नाही. इतरांना सांगतो. ताईच्या घरी एक जुनी चौकोनी व्हॅन आहे, तीन सिलिंडरची, पुढच्या सीटखाली इंजिन असलेली. कार्बोरेटरमधून निघालेली हवा आणि पेट्रोल सिलिंडरांपर्यंत वाटून नेणारा जो नळ्यांचा जोड असतो, तो मॅनिफोल्ड. कंपनीनं दिलेल्या मॅनिफोल्डच्या नळ्या लांब आणि बारीक. भाऊजींनी वेगळा मागवलेला आहे त्याच्या नळ्या आखूड आणि जाड, अ‍ॅल्युमिनियमच्या, आतून गुळगुळीत. ताई त्याला पंजा म्हणते. हरभरा घरात आला की हा पंजा गाडीला चढतो आणि मृगाच्या आधी उतरतो. पंचांगात नसलेला हा सण आमच्या घरी काही वर्षांपूर्वी सुरू झाला, आणि तो कसा सुरू झाला ते डहाळे हातात आले की मला दरवर्षी आठवतं.

त्या वर्षी हरभरा उभाच होता तेव्हा पार्सल आलं. कुरिअरवाला गावात येत नाही, मानोऱ्याच्या बाजारातल्या जैनांच्या किराणा दुकानात ठेवून जातो. भाऊजी ते तिथून उचलून आणेपर्यंत दुकानदारानं दोनदा फोन करून विचारलं होतं की यात आहे काय, साखरेच्या पोत्याशेजारी ठेवायला चालेल ना. मी नेमका त्या दिवशी गावात होतो. भाऊजींनी खोकं ओसरीवर उघडलं, कागद बाजूला केले आणि ती चकचकीत वस्तू मांडीवर घेऊन कितीतरी वेळ नुसती बघत बसले. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून ताई गहू निवडत होती. तिनं मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा गव्हात घातली.

माझे भाऊजी, प्रल्हाद, हाडाचे ड्रायव्हर. उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्याच्या काळ्या-पिवळ्या जीपवर गेली. जीपचा मालक माणूस म्हणून चांगला होता, पण डिझेलच्या बाबतीत फार चिकट. गाडी जरा मोठ्यानं ओरडली की कोपऱ्यावरून म्हणायचा, तेल जाळून राह्यला काय. त्या धाकानं भाऊजींच्या डाव्या हाताला एक वळण लागलं. गाडी सुटली रे सुटली की दुसरा, लगेच तिसरा आणि बैलगाडीच्या मागून चालले असले तरी टॉप. इंजिनाला आवाज चढायच्या आत गिअर वर. आमच्या भागातले सगळे जुने ड्रायव्हर असेच चालवतात, आणि त्याचा त्यांना अभिमान असतो. पुढे त्यांनी ही व्हॅन घेतली. पण सकाळी ते एका शाळेची गाडी चालवायला जातात, म्हणून व्हॅन ताईच्या हाती आली. त्यांनीच तिला शिकवलं. पहाटे तीन तांड्यांवरचं दूध कॅनमध्ये भरायचं आणि नाल्यातून वर येणारा चढ चढून मानोऱ्याच्या डेअरीत पोचवायचं, हा ताईचा धंदा. घर त्याच्यावर चालतं.

आणि भाऊजींचं एक वेड. गावाबाहेर बरडावर, म्हणजे मुरमाड माळावर, हरभरा-तूर निघून रान मोकळं झालं की, जवळपासची पोरं जुन्या पेट्रोल गाड्यांची शर्यत लावतात. फक्कीच्या रेघा, बांबूला बांधलेल्या पोत्यांचे झेंडे, दोन फेऱ्या, ज्याला वेळ कमी लागेल तो पहिला. भाऊजी दरवर्षी बांधावर उभे राहून हुळा खात ती शर्यत बघायचे. हुळा म्हणजे हिरवा हरभरा मुळासकट उपटून काडीकचऱ्याच्या जाळावर भाजलेला. तोंड, हात, धोतर, पॅन्ट सगळं काळं होतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. काळ्या तोंडानं भाऊजी दरवर्षी तेच म्हणायचे की आपल्या गाडीत दम असता तर उतरलो असतो. त्या वर्षी त्यांनी दम विकत आणला.

ओसरीवर त्यांनी मला विचारलं, "साळेबुवा, तुमाले पायपाचं समजते. आखूड अन् जाड असली त काय होते?"

पाइपाचं मला समजतं हे खरं. गावोगावच्या नळयोजना बघण्यातच माझी नोकरीची वर्षं गेली. माणसं भेटली की लोक त्यांचं नाव-गाव विचारतात, मला आधी त्यांच्या गावच्या पाइपाचा व्यास आठवतो. बायको म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी पन्हाळ बघता. पण खरोखर, त्या मॅनिफोल्डमध्ये मला नवं काही दिसलं नाही. योजनेत गरजेपेक्षा मोठा पाइप टाकला आणि पाणी कमी सोडलं की ते रेंगाळत जातं आणि वाटेत गाळ तळाशी बसतो. तेच बारीक पाइपातून नेलं तर खळाळत जातं, गाळ बसू देत नाही. मात्र पाणी भरपूर सोडायचं असेल तर बारीक पाइप गळा दाबतो, तिथं मोठाच हवा. इंजिनाचं तसंच. सावकाश फिरत असताना ते हवा थोडी मागतं. जाड नळीत ती हवा ढिली पडते, तिच्यातले पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटून बसतात आणि गाडीला ओढ राहत नाही. इंजिन जोरात फिरू लागलं की ते इतकी हवा मागतं की बारीक नळी पुरत नाही, आणि मग जाड नळी कामाला येते.

लांबीचंही एक गणित आहे. वाहत्या पाण्याचा व्हॉल्व्ह झटकन बंद केला की पाइपात दणका बसतो आणि तो दणका मागे जाऊन परत येतो. हे मी आयुष्यभर ऐकत आलो. इंजिनाची झडप मिनिटाला कितीतरी वेळा बंद होते, तेव्हा हवेचा असाच धक्का नळीतून मागे जातो, तोंडाशी जाऊन फिरतो आणि परत येतो. तो परत येईल तेव्हा झडप नेमकी उघडी असली तर जास्तीची हवा आत रेटली जाते. लांब नळीत या येरझाऱ्याला वेळ लागतो, म्हणून ती सावकाश चालणाऱ्या इंजिनाला मानवते. आखूड नळीतला धक्का लवकर परततो, त्याला झडपही लवकर उघडणारी, म्हणजे वेगात फिरणारं इंजिन लागतं. म्हणून हा मॅनिफोल्ड आकाशातून जादा ताकद आणत नाही. खालची थोडी काढून घेतो आणि वर, म्हणजे इंजिन जोरात फिरेल तिथं, नेऊन ठेवतो. वर जाऊन ती घ्यायची की नाही हे चालवणाऱ्यावर.

हे सगळं मी भाऊजींना समजावून सांगितलं. त्यांनी त्यातलं "ताकद वर" एवढंच ऐकलं. ताईनं मात्र गहू निवडता निवडता विचारलं, "मंग माह्या चढाचं काय?"

त्यावर बोलणं बरंच झालं. ताई रागावली नव्हती, पण तिचा हिशेब साफ होता. तो चढ हळू चढायचा चढ आहे. मागं दुधाचे भरलेले कॅन, वळणावर खडी, म्हणजे हवा थोडी आणि ओढ पाहिजे. भाऊजींनी तिची समजूत घातली की शर्यतीच्या रविवारपर्यंतच राहू दे. शर्यतीत काही झालं नाही तर सोमवारी सकाळी जुना लावून देतो. ताई म्हणाली ठीक आहे, पण सोमवार म्हणजे सोमवार. अशा रीतीनं त्या वर्षीच्या हरभऱ्याला मुदत पडली. भाऊजींनी जन्मात स्वतःसाठी म्हणून घेतलेली बहुधा ही पहिली वस्तू होती, आणि ती ठेवायची की माळ्यावर टाकायची हे एका रविवारवर आलं.

जब्बारभाईंच्या गॅरेजमध्ये तो बसवला तेव्हा मी होतो. सीट उचलली, जुना मॅनिफोल्ड निघाला, काळाकुट्ट, आत डांबर धरलेला. नवा बसला, कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, बदलला. मग न्यूट्रलमध्ये गाडी उभी करून जब्बारभाईंनी हातानं अ‍ॅक्सिलेटरची तार ओढली. आमच्याकडे इंजिनाची परीक्षा अशीच होते. गाडी जागची हलवायची नाही, तार ओढायची आणि कान द्यायचा. व्हॅन अशी काही किंचाळली की समोरच्या हॉटेलातली माणसं भजी हातात घेऊन बाहेर आली. सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी होतं, ते धुराचं असेल. घरी येताना ते टॉप गिअरमध्ये, नेहमीसारखे, सावकाश आले. गाडी जरा घुम्म घुम्म करत होती. नवी आहे, बसेल, असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताई चढावर अर्ध्यातच अडकली. नेहमीच्या जागी तिनं नेहमीसारखा दुसरा टाकला आणि गाडीनं मान टाकली. ब्रेक दाबून धरला, हाक मारली, तांड्यावरच्या दोघी धावत आल्या, चाकाखाली दगड लावला. कॅन उतरवून गाडी रिकामी वर नेली, मग कॅन एकेक करून वाहिले. डेअरीत दूध उशिरा पोचलं, तिथल्या माणसानं वास घेऊन घेऊन ते घेतलं. घरी आल्यावर ताईनं भांडण केलं नाही. एवढंच म्हणाली की आज दूध नासलं असतं. भाऊजींनी त्या दिवशी जेवताना दही मागितलं नाही.

त्यानंतर पुन्हा गाडी अडल्याचं ऐकलं नाही. आम्ही धरून चाललो की गाडी बसली. कसं जमलं हे ताईला कोणी विचारलं नाही, आणि ताई न विचारलेलं सांगणाऱ्यांतली नाही. त्या दिवसांत पहाटे अजून गारवा असतो, ती भाऊजींचाच जुना स्वेटर घालून जायची. येईपर्यंत ऊन चटकायला लागलेलं असायचं, पळस पेटलेला, रानात सोंगणीच्या बाया वाकलेल्या. आंबेनं त्यांच्या हातांना चरे पडतात, म्हणून त्या बोटांना चिंध्या गुंडाळतात. दुपारी खळ्यावर हरभरा पडला की कोरड्या घाट्यांचा खुळखुळ आवाज येतो. असल्या आवाजांत तेव्हा एक आवाज नवा होता, पहाटेच्या वेळी नाल्याकडून येणारा. तो ऐकायला भाऊजी घरी नसत. शाळेची गाडी घेऊन ते तोवर निघालेले असत.

शर्यतीच्या रविवारी बरडावर जत्रा भरली होती. पोहरादेवीच्या यात्रेतल्या गर्दीला अजून अवकाश होता, पण रसवंतीवाला आणि आइस्क्रीमवाला रंगीत तालीम करायला आले होते. व्हॅन बघून लोक हसले. दूध कुठं ठेवलं, असं कोणीतरी विचारलं. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ताई बांधावर हुळा भाजत बसली होती आणि जाळाकडे बघायचं सोडून रेघेकडे बघत होती.

झेंडा पडला. गाडी चांगली सुटली. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढत गेला, चढत गेला, आता लागणार, आता हवा पुरी भरणार, असं मला वाटलं, आणि नेमक्या त्या क्षणी भाऊजींनी दुसरा टाकला. आवाज धपकन खाली. पुन्हा हळूहळू चढला, पुन्हा तिथं आला आणि त्यांनी तिसरा टाकला. सबंध दोन फेऱ्या हेच. प्रत्येक वळणानंतर गाडी घुम्म करत रांगायची, जोर यायची वेळ झाली की मालकाच्या धाकातला तो डावा हात पुढं व्हायचा. जो दम त्यांनी एवढ्या हौशीनं वर नेऊन ठेवला होता, त्याच्या दारापर्यंत ते दरवेळी जायचे आणि परत फिरायचे. मला बांधावरून ओरडून सांगावंसं वाटत होतं. ताईनं मुठीत धरलेले घाटे पार चुरडून टाकले होते.

बंपर दोरीनं बांधलेली एक गाडीही त्यांच्या पुढं गेली. व्हॅन शेवटी आली. भाऊजी उतरले, शर्टावरची धूळ झटकली आणि म्हणाले, "पायपात काही दम नाही, साळेबुवा. उगाच आनला." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ते इतके पडलेले दिसत होते की मी हुळ्याचा घास तोंडात घातला. त्यांनी किल्ली ताईच्या हातात दिली आणि डाव्या बाजूला जाऊन बसले. मी मागं, दुधाच्या रिकाम्या कॅनांमध्ये.

घरी जायची वाट त्याच चढावरून. नाल्यात गाडी उतरली तशी ताईनं पहिला टाकला आणि पाय दाबला. आवाज चढत गेला. शर्यतीत जिथं तो धपकन पडत होता तिथं आला आणि पुढं गेला. इंजिन सीटखाली असल्यामुळे तो नुसता कानाला नाही, बसल्या जागी लागत होता. भाऊजींचा हात सवयीनं गिअरकडे गेला. ताईनं रस्त्यावरची नजर न काढता तो बाजूला सारला.

"हात काढा," ती म्हणाली.

आणि मग तो मॅनिफोल्ड लागला. दुसरा शब्द मला सुचत नाही. रेंगाळणारं काहीतरी एकदम मोकळं झालं, घुमणारा आवाज स्वच्छ झाला, एकसुरी आणि उंच, आणि व्हॅन चढ असा चढू लागली की कॅन माझ्या अंगावर आले. पार वर गेल्यावर तिनं दुसरा टाकला, तोही तसाच ताणून धरला. भाऊजी समोर बघत नव्हते. मान वाकडी करून सीटखाली ऐकत होते.

"हे असं वाजते?" त्यांनी विचारलं.

"रोज असंच वाजते," ताई म्हणाली.

पुढं घरापर्यंत भाऊजींनी मान सरळ केली नाही. मला त्या माणसाबद्दल फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. त्यांनी जे मागवलं होतं ते खरंच आलं होतं. ते रोज पहाटे त्या चढावर वाजत होतं, आणि त्यांना ते पहिल्यांदा डाव्या सीटवर बसून ऐकायला मिळालं.

पण बोललेलं ते बोललेलं. संध्याकाळी भाऊजींनी जुना मॅनिफोल्ड रॉकेलनं धुतला, नवं गॅस्केट कापून ठेवलं, पाने ओसरीवर मांडले. सोमवारी शाळेला सुट्टी होती. ताई दूध आणायला निघायच्या आधीच काम उरकायचं म्हणून ते अंधारातच उठले. मीही उठलो, बॅटरी धरायला. बाहेर आलो तर अंगणात व्हॅन नव्हती. चुलीवर आमच्या दोघांपुरता चहा झाकून ठेवला होता.

भाऊजी पाना हातात घेऊन अंगणात उभे राहिले. थंडी होती, दूर कुठंतरी कोणी मळून उरलेलं हरभऱ्याचं कुटार पेटवलं होतं, त्याचा वास येत होता. थोड्या वेळानं नाल्याकडून तो आवाज आला. खालून सुरू झाला, चढला, अडला नाही, आणखी चढला. भाऊजींचा डावा हात आपोआप उठला आणि मधेच थांबला. आवाज चढाच्या माथ्यावर जाऊन दुसऱ्या गिअरमध्ये पडला आणि मानोऱ्याकडे निघून गेला. त्यांनी पाना खिशात टाकला आणि चहा गाळायला घेतला.

ताई परत आली तेव्हा मी तिला विचारलं की काहून, मुदत संपली होती ना. ती कॅन उपडे घालत म्हणाली, "पेट्रोल जास्त खाते थे. ठाव आहे मले." मग जरा थांबून म्हणाली, "खाऊ दे. जीपीवर एवढे वरसं त्यायनं मन मारलं."

पुढं भाऊजींनीच नियम घातला. पावसाळ्यात चिखलातून गाडी हळूच काढावी लागते, तिथं आखूड नळ्या उपयोगाच्या नाहीत, म्हणून मृगाच्या आधी जुना चढतो. आणि रान मोकळं झालं की पुन्हा पंजा. त्या सोमवारी मी धरलेली बॅटरी तेव्हापासून दरवर्षी मलाच धरावी लागते. यंदा मात्र त्यांनी माझी वाट पाहिली नाही.

या रविवारी मी गेलो. हुळा खाल्ला, पांढऱ्या शर्टाची वाट लावून घेतली. बरडावर झेंडे लागले होते. व्हॅन रेघेवर येऊन उभी राहिली तेव्हा आता कोणी हसत नाही. स्टिअरिंगवर ताई होती, पदर खोचून, भाऊजींचा जुना स्वेटर कमरेला बांधलेला. तिचा नंबर कधी मधला येतो, कधी त्याच्याही मागे, पहिला कधीच आलेला नाही. डाव्या सीटवर भाऊजी बसले होते, मान वाकडी करून, डोळे मिटून, आणि गिअरकडे जाऊ नये म्हणून डावा हात उजव्या हातानं घट्ट धरून मांडीखाली दाबलेला.